आरोग्याचं कार्ड की गावचा दवाखाना? सरकारी आरोग्यसेवेवरचा वाद नेमका काय, सोप्या भाषेत समजून घ्या

विशेष माहिती | तालुका प्रतिनिधी

निवडणूक झेडपीची असो, विधानसभेची असो की लोकसभेची, जाहीरनाम्यात आरोग्याचं एक पान असतंच. कुणी पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देतो, कुणी पंचवीस लाखांचा शब्द देतो. आपण ते ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. पुढं घरात कुणी आजारी पडलं की मग कळतं, कार्ड कुठं चालतं आणि कुठं चालत नाही.

आपल्या भागात कर्ज दोन कारणांनी वाढतं. एक म्हणजे नापिकी, दुसरं म्हणजे दवाखाना. नापिकीवर रोज बातमी होते, पंचनामे होतात. दवाखान्यासाठी बैलजोडी विकली, सोनं गहाण टाकलं, याचा पंचनामा कुणी करत नाही. म्हणून देशाच्या आरोग्यव्यवस्थेवर राजकारणात जो वाद चालू आहे तो आपल्यालाही माहीत असायला पाहिजे. तोच आज मुद्देसूद पाहू.

वाद थोडक्यात काय आहे?

आजारी माणसाचा खर्च सरकारनं उचलावा, यावर आता जवळपास सगळे पक्ष एक आहेत. भांडण आहे ते पैसा कुठं जावा यावर.

पहिला मार्ग असा, की सरकारनं स्वतःचे दवाखाने चालवायचे. इमारत, डॉक्टर, सिस्टर, औषधं, तपासणी सगळं सरकारचं. माणूस गेला, केस पेपर काढला, उपचार घेतला.

दुसरा मार्ग असा, की माणसानं सरकारी किंवा खासगी, यादीतल्या कुठल्याही दवाखान्यात जायचं आणि बिल सरकारनं भरायचं. यालाच आपण 'कार्डावरचा उपचार' म्हणतो.

आपल्याकडं दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू आहेत. पण सरकारी तिजोरी एकच आहे. एका मार्गाला किती आणि दुसऱ्याला किती, हाच खरा वाद.

सुरुवात कुठून झाली?

स्वातंत्र्याच्या आधी, १९४३ मध्ये इंग्रज सरकारनं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडू नये, हे या अहवालाचं मुख्य सूत्र होतं. खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी दवाखान्यांची साखळी उभी करावी, असं समितीनं सुचवलं. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो ती कल्पना तिथून आली. १९५२ पासून अशी केंद्रं उघडायला सुरुवात झाली.

त्याच काळात इंग्लंडातही हा वाद पेटला होता. तिथं ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. करातून पैसा गोळा करायचा आणि उपचार सगळ्यांना फुकट, असा तिचा पाया. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी ती आणली तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं कडाडून विरोध केला, विरोधी पक्षानं संसदेत विरोधात मतदान केलं. पुढं लोकांना ती इतकी आपली वाटली, की आज तिथला कुठलाच मोठा पक्ष ती बंद करू असं उघडपणे म्हणत नाही.

आपल्याकडं भोर समितीचं स्वप्न कागदावर राहिलं नाही, पण पूर्णही झालं नाही. नियम असा आहे, की सपाट भागात ५ हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र, ३० हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच प्रमाण ३ हजार आणि २० हजार. इमारती बऱ्याच ठिकाणी झाल्या. डॉक्टर, औषध आणि तपासणी मात्र इमारतीच्या मागं पडली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. गावोगावी आशाताई दिसायला लागल्या त्या याच अभियानातून.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेत दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांच्या यादीत आहे. कलम ४७ सांगतं, की लोकांचं आरोग्य सुधारणं हे सरकारचं कर्तव्य आहे. पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे. एकट्या या कलमाच्या आधारावर थेट कोर्टात जाता येत नाही.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटी खासगीत उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांची संघटना कोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं, की वेळेवर तातडीचा उपचार न देणं म्हणजे कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. पैसा नाही हे कारण सरकारला सांगता येणार नाही, असंही कोर्ट म्हणालं.

कार्डाचं राजकारण कसं सुरू झालं?

२००७ मध्ये आंध्र प्रदेशात मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी 'आरोग्यश्री' योजना आणली. गरिबाचं हृदयाचं ऑपरेशन मोठ्या खासगी दवाखान्यात, बिल सरकारचं. योजना प्रचंड गाजली आणि २००९ ला त्यांचा पक्ष पुन्हा निवडून आला. आरोग्यावर मतं मिळतात हे तेव्हा सगळ्या पक्षांनी पाहिलं.

२००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, कुटुंबाला ३० हजारांचं संरक्षण. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ पासून आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली. सरकार बदलल्यावर २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पिवळं, केसरी रेशनकार्ड असणारे त्यात होतेच. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं.

२३ सप्टेंबर २०१८ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रांचीत आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. सुरुवातीला १० कोटींहून अधिक कुटुंबं, यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, ही योजना खुली झाली.

महाराष्ट्रानं जून २०२३ मध्ये निर्णय घेतला, की फुले योजनेची मर्यादाही ५ लाख करायची आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, रेशनकार्डचा रंग न पाहता, लाभ द्यायचा. उपचारांची यादी १३५६ ची झाली. विस्तारित योजना १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

कार्डाच्या बाजूनं काय म्हणतात?

हे मुद्दे खोटे नाहीत. पहिलं, मोठा आजार थांबत नाही. तालुक्याला हृदयाचा डॉक्टर येईपर्यंत वाट पाहा, असं अटॅक आलेल्या माणसाला सांगता येत नाही. खासगी दवाखाना तयार आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

दुसरं, निवड माणसाच्या हातात येते. सरकारी दवाखान्यात नीट वागणूक मिळाली नाही तर दुसरीकडं जाता येतं.

तिसरं, आपल्याच गावात बघा. बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सर, हे उपचार पूर्वी शेत विकल्याशिवाय होत नव्हते. आज कार्डावर करून घेतलेली माणसं प्रत्येक गावात सापडतील. त्यांच्या घरी जाऊन योजना बोगस आहे म्हटलं तर ते ऐकून घेणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

विरोधात काय म्हणतात?

जन आरोग्य अभियानासारख्या संघटना आणि सार्वजनिक आरोग्याचे बरेच अभ्यासक यांचं म्हणणं वेगळं आहे.

पहिला आक्षेप: कार्ड ॲडमिट झाल्यावर चालतं. बीपी, शुगर, दमा, सांधेदुखी, लेकराचा ताप यांसाठी ओपीडीत दाखवलं, बाहेरच्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, रक्त तपासलं, तर तो खर्च आपलाच. खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा वाटा याच रोजच्या औषधांवर जातो. आज शुगरची गोळी परवडली नाही म्हणून चुकली, की दहा वर्षांनी किडनीसाठी डायलिसिस. डायलिसिस कार्डावर होतं, गोळी होत नाही.

दुसरा आक्षेप: यादीतले मोठे खासगी दवाखाने शहरात जास्त. नंदुरबार, गडचिरोलीच्या माणसाला कार्ड आहे, पण जवळ दवाखाना हवा ना. गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी यातच गरिबाचं कंबरडं मोडतं.

तिसरा आक्षेप देखरेखीचा. ऑगस्ट २०२३ मध्ये 'कॅग'चा अहवाल संसदेत आला. आयुष्मान योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले होते, सगळे अंक नऊ असलेला नंबर. सरकारचं उत्तर होतं, की मोबाईल नंबरवरून पात्रता ठरत नाही, त्यामुळं यात पैशाचा घोळ नाही. विरोधकांनी मात्र हा मुद्दा बराच लावून धरला.

२०११ मध्ये नियोजन आयोगाच्या डॉ. के. श्रीनाथ रेड्डी समितीनं सल्ला दिला होता, की सगळ्यांना आरोग्यसेवा करातून द्या, विमा कंपन्या मधे नको. तो सल्ला बाजूला राहिला.

खासगी डॉक्टरांचं काय म्हणणं?

त्यांचीही बाजू आहे. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि बिलं महिनोन् महिने थकतात, ही त्यांची जुनी तक्रार. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात थकीत बिलांसाठी खासगी डॉक्टरांनी आयुष्मानचं काम थांबवलं होतं. सरकारनं पैसे दिले नाहीत की दवाखाना काउंटरवर 'बेड नाही' सांगतो आणि ओझं पेशंटवर येतं.

राजस्थाननं २१ मार्च २०२३ ला आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. तातडीच्या वेळी आधी पैसे न मागता उपचार करावा, अशी त्यात तरतूद होती. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दवाखाने बंद ठेवले. बिल कोण आणि कधी देणार हे स्पष्ट नाही, असं ते म्हणाले. ४ एप्रिलला समझोता झाला. वर्षअखेरीस सरकार बदललं आणि कायद्याचा विषय मागं पडला.

केंद्र आणि राज्य यांची ओढाताण

आयुष्मान योजनेत साधारण ६० टक्के पैसा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. मग नाव आणि फोटो कुणाचा? जानेवारी २०१९ मध्ये पश्चिम बंगाल याच मुद्द्यावर योजनेतून बाहेर पडलं आणि आपली 'स्वास्थ्य साथी' योजना चालवली. दिल्ली आणि ओडिशा बरीच वर्षं बाहेर होती. दोन्हीकडं सरकार बदललं आणि २०२५ मध्ये दोन्ही राज्यं योजनेत आली. २०२४ च्या लोकसभेत भाजपनं ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मानचं आश्वासन दिलं, काँग्रेसनं राजस्थानच्या धर्तीवर २५ लाखांचं. बोली वाढत गेली, पण गावच्या उपकेंद्रावर त्या प्रचारात फार कमी बोललं गेलं.

पैसा किती खर्च होतो?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरलं होतं, की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के करायचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ मध्ये तो १.१५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के झाला. यातलं शेवटचं वर्ष कोरोनाचं होतं हे लक्षात ठेवा. त्याच काळात एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला, असं सरकार सांगतं. काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, की हा आकडा २०१७-१८ च्या सर्वेक्षणावर आधारलेला आहे, त्यामुळं जपून वाचावा.

राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्याला द्यावा, असंही धोरणात आहे. महाराष्ट्र या आकड्याच्या बराच खाली आहे, सरकार कुणाचंही असो.

लोकांचं मत काय?

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागात ॲडमिट होणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के सरकारी दवाखान्यात गेले, ५२ टक्के खासगीत. बाळंतपण सोडून एका वेळी ॲडमिट होण्याचा सरासरी खर्च सरकारीत सुमारे ४,३०० रुपये आणि खासगीत सुमारे २७,३०० रुपये, म्हणजे सहापटीहून जास्त. तरी लोक खासगीत जातात.

का जातात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्या कुटुंबांनी सांगितलं, की ती सहसा सरकारीत जात नाहीत. उपचाराचा दर्जा बरा नाही, फार वेळ थांबावं लागतं, जवळ दवाखाना नाही, ही मुख्य कारणं. म्हणजे लोकांना सरकारी दवाखाना नको आहे असं नाही. चालणारा हवा आहे.

मत देताना मात्र चित्र वेगळं असतं. २०२४ च्या निवडणुकीआधी लोकनीतीच्या सर्वेक्षणात बेरोजगारीला २७ टक्के आणि महागाईला २३ टक्के लोकांनी सगळ्यात मोठा मुद्दा म्हटलं. आरोग्य पहिल्या रांगेत नव्हतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. विरोधकांनी औषधं आणि माणसं कमी असल्याचा आरोप केला, सरकारनं औषधांचा तुटवडा नाकारला. आठवडाभर टीव्हीवर तेच होतं. पुढं निवडणुका आल्या तेव्हा चर्चा दुसऱ्याच विषयांवर होती.

प्रश्न कुणाला विचारायचा?

इथंच आपली फसगत होते. दवाखाने वेगवेगळ्या मालकांचे आहेत:

- उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र: जिल्हा परिषद. तिथं डॉक्टर नसेल तर झेडपी सदस्य आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा.
- ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल: राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग. आमदार आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.
- मेडिकल कॉलेजचं रुग्णालय: वैद्यकीय शिक्षण विभाग. वरचा मोफतचा निर्णय तिथं लागू नाही.
- फुले योजना आणि आयुष्मान: दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. फोन १५५३८८ किंवा १४५५५. योजनेतल्या उपचाराला पैसे मागितले तर इथं तक्रार करता येते.
- धर्मादाय रुग्णालय: कोर्टाच्या योजनेप्रमाणं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत. तक्रार धर्मादाय आयुक्त कार्यालयात.

प्रश्न विचारून फरक पडतो का? पडतो. महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. गावकरी दवाखान्याला गुण द्यायचे, जनसुनवाईत सगळ्यांसमोर डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागायचं. बाहेरून औषध लिहून देणं, पैसे मागणं, डॉक्टर न येणं, असे विषय तिथं उघडपणे मांडले गेले.

पुढच्या सभेत हे चार प्रश्न विचारा

१. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती?
२. बीपी आणि शुगरच्या गोळ्या वर्षातले किती महिने उपलब्ध होत्या?
३. कार्ड चालणारा सगळ्यात जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर आहे आणि तिथं कुठले उपचार होतात?
४. रात्री साप चावला किंवा बाळंतपण अडलं, तर पहिला डॉक्टर कुठं भेटेल?

उमेदवार कुठल्याही पक्षाचा असू द्या. 'पाच लाख देतो, दहा लाख देतो' म्हणाला तर चांगलंच आहे, कार्ड लागतंच. पण कार्ड हे मोठ्या संकटात धावून येणाऱ्या पाहुण्यासारखं आहे. रोज दारात उभा राहणारा शेजारी म्हणजे गावचा दवाखाना. दोघांपैकी एकावर भागत नाही, आणि सध्या शेजारी जास्त आजारी आहे. या चार प्रश्नांची उत्तरं नावानिशी आणि तारखेसह मागा. ग्रामसभेत विचारलं तर ठराव करून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तोच कागद समोर ठेवता येईल.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर पाठवा. आपल्या दवाखान्याची परिस्थिती काय आहे, तेही आम्हाला कळवा.